चार्जबॅकचा हिशोब कसा ठेवायचा: नवीन ऑनलाइन दुकानदारांसाठी

चार्जबॅक (म्हणजे ग्राहकाने बँकेकडे तक्रार करून भरलेले पैसे परत खेचणं) आला की नवीन दुकानदार आधी चिडतो, मग पेमेंट गेटवेच्या, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीच्या, सपोर्टला दोन मेल टाकतो आणि मग पुढच्या ऑर्डरी पॅक करायच्या नादात विसरून जातो. मार्चमध्ये सीए विचारतो की सेटलमेंटमधून (गेटवे तुमच्या खात्यात जमा करतो त्या पैशातून) ॲडजस्टमेंट म्हणून एवढे पैसे कापलेत ते कसले, आणि कोणालाच सांगता येत नाही. केस कशी लढायची यावर बरंच लिहिलेलं सापडतं. पण किती गेले, कशामुळे गेले, लढून परत किती आले आणि मुळात लढायला हवं होतं का, याची नोंद कशी ठेवायची हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून इथे सगळा भर त्यावरच आहे. सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही, महिन्याला पाच-दहा केसेसपर्यंत साधी गूगल शीट पुरते.

आधी हे प्रकरण फिरतं कसं ते

रिफंड तुम्ही स्वतः देता. चार्जबॅकमध्ये ग्राहक तुमच्याकडे न येता (किंवा येऊन कंटाळून) थेट त्याच्या कार्डाच्या बँकेकडे जातो, ती बँक व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या नेटवर्कमधून तुमच्या गेटवेच्या बँकेला कळवते, ती बँक गेटवेला आणि गेटवे तुम्हाला मेल करतो. मेल तुमच्यापर्यंत येईस्तोवर पैसे बहुतेक वेळा कापलेले तरी असतात किंवा अडकवून ठेवलेले तरी. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या बऱ्याचशा कारणांसाठी ग्राहकाला १२० दिवस मिळतात, आणि माल किंवा सेवा नंतर मिळायची असेल तर हे दिवस ती मिळायच्या तारखेपासून मोजले जातात. म्हणजे ऑक्टोबरमधल्या ऑर्डरीचा चार्जबॅक फेब्रुवारीत येऊ शकतो. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढे हिशोबात सगळ्यात जास्त घोळ याच्यामुळेच होतो.

टप्पे असे असतात: कधी कधी आधी रिट्रीव्हल येतं, म्हणजे बँक फक्त माहिती मागते. मग खरा चार्जबॅक. तुम्ही पुरावे दिले आणि बँकेचं समाधान नाही झालं तर प्री-आर्बिट्रेशन (केसची दुसरी फेरी), आणि त्याही पुढे आर्बिट्रेशन, जिथे नेटवर्क निकाल देतं आणि हरणाऱ्याला भलीमोठी फी बसते. छोट्या दुकानाने आर्बिट्रेशनच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, दोन-तीन हजारांच्या चपलेसाठी तर नाहीच नाही.

भारतात अजून एक गोष्ट. १ ऑगस्ट २००९ पासून आरबीआयने ऑनलाइन कार्ड पेमेंटला दुसरी पडताळणी सक्तीची केली, तोच आपला ओटीपी. ओटीपी टाकून झालेल्या व्यवहारात "मी हे पेमेंट केलंच नाही" अशी तक्रार आली तर तिची जबाबदारी साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते, दुकानदारावर नाही. म्हणून बरेच जण निर्धास्त असतात. पण ओटीपी तुम्हाला फक्त फसवणुकीच्या तक्रारीपासून वाचवतो, "माल मिळालाच नाही", "फोटोत वेगळा होता", "रिफंड कबूल केला पण दिला नाही" या तक्रारींपासून नाही. आणि परदेशातल्या कार्डांवर अनेकदा ओटीपीच नसतो. दिवाळीचा फराळ अमेरिकेला पाठवणाऱ्यांनी हे खास लक्षात घ्या, तिकडून मुलगी कार्डाने पैसे भरते, फराळ कस्टममध्ये अडकतो, दिवाळी होऊन जाते, आणि मग तक्रार तुमच्याकडे नाही तर तिच्या बँकेकडे जाते.

यूपीआयचं गणित वेगळं. तिथे ग्राहक ॲपमधून किंवा बँकेतून तक्रार करतो आणि ती यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या सिस्टीममधून फिरते. "पैसे कापले पण दुकानदाराला पोचले नाहीत" हा तिथला नेहमीचा प्रकार. १५ फेब्रुवारी २०२५ पासून एनपीसीआयने असं केलंय की पैसे घेणाऱ्या बँकेने पैसे जमा झाल्याची खात्री कळवली असेल किंवा पैसे परत पाठवल्याची नोंद केली असेल तर त्यावरून चार्जबॅक आपोआप मान्य किंवा अमान्य होतो. तुमच्या शीटमध्ये यूपीआय आणि कार्ड वेगळे दिसले पाहिजेत, नाहीतर सरासरी काढून काहीच कळणार नाही.

पायरी १: शीट उघडा आणि नंबर नीट ठेवा

एका केसला एक ओळ, एका ऑर्डरीला नव्हे. कारण एकाच ऑर्डरीवर पार्शल चार्जबॅक येऊ शकतो, दोनदाही येऊ शकतो. रकाने हे: गेटवेने दिलेला डिस्प्यूट आयडी (डिस्प्यूट म्हणजे चार्जबॅकची केस), पेमेंट आयडी, तुमचा ऑर्डर नंबर, पेमेंटचा प्रकार (देशी कार्ड, परदेशी कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग, वॉलेट), ऑर्डरची तारीख, चार्जबॅक आल्याची तारीख, उत्तर द्यायची शेवटची तारीख, ऑर्डरची रक्कम आणि शेजारी वादातली रक्कम. या दोन रकमा वेगळ्या असू शकतात, परदेशी कार्डाला डॉलरचा भाव हलल्यामुळे चार-दोन रुपये इकडेतिकडे होतातच.

इथे एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट. कार्डाच्या रिफंडचा एआरएन (बँकेचा संदर्भ नंबर) २३ आकडी असतो. गूगल शीट किंवा एक्सेल त्याला आकडा समजतं, पंधराव्या आकड्यानंतर सगळं शून्य करून टाकतं आणि तुम्हाला सांगतही नाही. मग दोन महिन्यांनी तोच नंबर पुराव्यात टाकला की बँक म्हणते असा रिफंडच नाही. म्हणून नंबर पेस्ट करायच्या आधी अख्खा कॉलम सिलेक्ट करून फॉरमॅट प्लेन टेक्स्ट करा. यूपीआयचा आरआरएन (व्यवहाराचा संदर्भ नंबर) १२ आकडी असतो, तो वाचतो, पण सुरुवातीला शून्य असेल तर ते उडतं, म्हणून त्यालाही टेक्स्टच ठेवा.

पायरी २: कारणाचे दोन रकाने

बँकेचं कारण आणि खरं कारण. दोन्ही लिहायची.

बँकेचं कारण म्हणजे कोड. व्हिसाचे कोड चार घरांत असतात: १० ने सुरू होणारे फसवणुकीचे, ११ चे ऑथरायझेशनचे, १२ चे प्रोसेसिंगच्या चुकांचे (दोनदा पैसे कापले, रक्कम चुकली) आणि १३ चे ग्राहकाच्या तक्रारींचे. त्यातले रोज भेटणारे म्हणजे १३.१ माल किंवा सेवा मिळाली नाही, १३.३ वर्णनाप्रमाणे नाही किंवा खराब, १३.६ रिफंड जमा झाला नाही, आणि १०.४ कार्ड समोर नसताना झालेली फसवणूक. मास्टरकार्डला ४८३७ म्हणजे कार्डधारकाची परवानगी नव्हती आणि ४८५३ म्हणजे ग्राहकाची तक्रार, या ४८५३ मध्ये बरंच काही कोंबलेलं असतं. गेटवेच्या डॅशबोर्डवर कोडऐवजी नुसतं वाक्य दिसत असेल तर तेच कॉपी करा.

खरं कारण मात्र तुम्ही शोधायचं. बँक म्हणते फसवणूक, पण फोन केला की कळतं बायकोने नवऱ्याच्या कार्डाने ऑर्डर केली होती आणि स्टेटमेंटवर तुमच्या दुकानाचं नाव नव्हतं, कागदोपत्री असलेल्या कुठल्यातरी एंटरप्रायजेसचं नाव होतं, नवऱ्याला ते ओळखू आलं नाही. हे आपल्याकडे फार होतं, कारण दुकानाचा ब्रँड एक असतो आणि चालू खातं वडिलांच्या जुन्या फर्मच्या नावावर. किंवा बँक म्हणते माल मिळाला नाही, आणि खरं कारण असतं की कुरिअरने तीन वेळा "ग्राहक उपलब्ध नाही" मारून माल परत पाठवला आणि तुम्ही रिफंड दिलाच नाही. खऱ्या कारणासाठी सात-आठ ठरलेले शब्द करा आणि ड्रॉपडाउन लावा: नाव ओळखलं नाही, डिलिव्हरी उशिरा, डिलिव्हरी नाही, माल वेगळा किंवा फुटलेला, रिफंड लटकला, दोनदा कापले, खरी फसवणूक, ग्राहक खोटा. मोकळं लिहायला ठेवलं तर प्रत्येक वेळी वेगळं लिहाल आणि शेवटी मोजता येणार नाही.

"ग्राहक खोटा" हा शब्द जपून वापरा. राग आलेला असतो तेव्हा सगळेच ग्राहक खोटे वाटतात. हातात पीओडी (कुरिअरची डिलिव्हरी झाल्याची पोच), फोटो किंवा चॅट असेल तरच.

पायरी ३: खरा तोटा किती, हे एकदा बसून काढा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, त्यामुळे सावकाश. समजा तुम्ही कोल्हापुरी चपला विकता आणि एक जोड २,४०० रुपयांचा आहे. आकडे समजण्यासाठी घेतलेत, चपलेवरचा जीएसटी बाजूला ठेवलाय, तुमचे आकडे तुम्ही घाला. कारागिराकडून जोड १,३०० ला पडला, कुरिअर ११०, डबा आणि पॅकिंग ४०, गेटवेचे २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून ५७, आणि हा ग्राहक आणायला जाहिरातीवर गेलेले २५०. एकूण १,७५७. म्हणजे सरळ गेलेल्या ऑर्डरीत सुटतात ६४३ रुपये.

आता चार्जबॅक आला आणि तुम्ही हरलात. इथे दोन चुका होतात. एक, लोक फक्त २,४०० लिहितात. दुसरी उलटी, लोक २,४०० अधिक १,७५७ करून चार हजारांचं दुःख करत बसतात. दोन्ही चूक. २,४०० आले होते आणि गेले, ते शून्य झालं. तुमच्या खिशातून प्रत्यक्षात गेले ते १,७५७, वर गेटवेने चार्जबॅक फी लावली असेल तर ती (समजा ३०० आणि जीएसटी धरून ३५४, काही गेटवे लावतच नाहीत, स्वतःचं ॲग्रीमेंट वाचा), वर पुरावे गोळा करायला गेलेला एक तास, त्याचे १५० धरा. झाले २,२६१. एका चांगल्या ऑर्डरीत ६४३ सुटत असतील तर हा एक खड्डा बुजवायला साडेतीन ऑर्डरी लागतात, म्हणजे प्रत्यक्षात चार.

आणि जिंकलात तर? २,४०० परत, पण फी परत मिळेलच असं नाही आणि तास तर गेलाच. ६४३ मधून फीचे ३५४ आणि तासाचे १५० मिळून ५०४ वजा केले की हातात उरतात १३९. म्हणून "जिंकलो" या ओळीलासुद्धा खर्चाचा रकाना भरायचा असतो, तो रिकामा सोडू नका.

तिसरा आकडाही काढून ठेवा. ग्राहक वैतागून फोन करत होता तेव्हाच माल परत मागवून रिफंड दिला असता तर किती गेलं असतं? जातानाचं कुरिअर ११०, येतानाचं ११०, पॅकिंग ४०, गेटवेचे ५७ (रिफंड दिला तरी गेटवेची ही फी सहसा परत मिळत नाही) आणि जाहिरातीचे २५०, एकूण ५६७. जोड परत आला, तो पुन्हा विकता येतो. एकीकडे ५६७, दुसरीकडे २,२६१. हे दोन आकडे शीटच्या वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, फोनवर बोलणाऱ्या माणसाला ते दिसले पाहिजेत. रिफंड द्यायला हात अडतो कारण रिफंड डोळ्यांसमोर जातो आणि चार्जबॅक दोन महिन्यांनी येतो.

शीटमध्ये खर्चाचे रकाने असे करा: मालाची किंमत (परत आला तर शून्य), पाठवणी आणि परतीचं कुरिअर, पॅकिंग, गेटवेची फी, चार्जबॅक फी, वेळ. जाहिरातीचा खर्च दर ऑर्डरीला अचूक काढता येत नाही, महिन्याचा खर्च भागिले महिन्याच्या ऑर्डरी असा ढोबळ आकडा चालतो. परदेशात विकणारे काही जण एथोका किंवा व्हेरिफाय या कंपन्यांचे अलर्ट घेतात, चार्जबॅक व्हायच्या आधीच कळतं आणि रिफंड देऊन मोकळं होता येतं, पण प्रत्येक अलर्टला पैसे लागतात, त्याचाही रकाना करा.

पायरी ४: केस चालू असताना

मेल आला त्याच दिवशी ओळ भरा आणि शेवटची तारीख फोनच्या कॅलेंडरला टाका, दोन दिवस आधीच्या रिमाइंडरसह. नेटवर्कच्या नियमात महिनाभराच्या आसपास मुदत असते पण ती बँकेला दिलेली असते, त्यातून बँक आणि गेटवे आपापला वेळ काढून घेतात आणि तुमच्या वाट्याला मोजकेच दिवस उरतात. मेलमध्ये लिहिलेली तारीख हीच तुमची तारीख. आणि गेटवेचे मेल कोणाच्या इनबॉक्समध्ये येतात ते तपासा, अनेकदा वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाचा ईमेल दिलेला असतो आणि तो केव्हाच दुसऱ्या कामाला लागलेला असतो.

डिस्प्यूट उघडा असताना वेगळा रिफंड मारू नका. रिफंडही जातो आणि चार्जबॅकही कापला जातो, मग ते दुहेरी गेलेले पैसे परत मिळवणं म्हणजे वेगळीच कटकट. पैसे द्यायचेच असतील तर डॅशबोर्डवर डिस्प्यूट मान्य करा. आणि आधीच रिफंड दिलेला असेल तर एआरएन आणि तारखेसह तेच कळवा, अशा केसेस सगळ्यात सोप्या.

पुराव्याची एकच पीडीएफ करा आणि तिची लिंक शीटमध्ये ठेवा. माल मिळाला नाही म्हणत असेल तर इन्व्हॉइस, एडब्ल्यूबी नंबर (कुरिअरचा पार्सल नंबर), पीओडी, ऑर्डरीवरचा पत्ता आणि डिलिव्हरीचा पत्ता एकच असल्याचं दाखवणारा स्क्रीनशॉट. कुरिअर कंपन्या पीओडी कायम जपून ठेवत नाहीत, म्हणून महागड्या ऑर्डरींची पीओडी डिलिव्हरी झाली की लगेच डाउनलोड करून ठेवायची, चार्जबॅकची वाट बघायची नाही. व्हॉट्सॲप चॅट देताय तर तारीख आणि नंबर दिसू दे, आणि चॅट मराठीत असेल तर खाली इंग्रजीत एक-दोन ओळीत काय म्हटलंय ते लिहा, वाचणारा माणूस कुठल्या शहरातल्या कुठल्या बँकेत बसलाय तुम्हाला माहीत नाही, "ताई मिळालं पार्सल, छान आहे" हे त्याला काय कळणार. तेच वाक्य तुमचा सगळ्यात मोठा पुरावा असतं आणि भाषेपायी वाया जातं.

नेहमीच्या ग्राहकाकडून व्हिसाची १०.४ आली तर जुन्या ऑर्डरी काढा. एप्रिल २०२३ पासून व्हिसाचा असा नियम आहे की त्याच कार्डावरचे आधीचे दोन व्यवहार, १२० ते ३६५ दिवसांपूर्वीचे आणि कसलीही तक्रार न झालेले, दाखवता आले आणि त्यात आयपी ॲड्रेस, डिव्हाइस, पत्ता किंवा लॉगिन अशा दोन गोष्टी जुळल्या (त्यातली एक आयपी किंवा डिव्हाइस हवी) तर तो पुरावा धरला जातो. याचा अर्थ ऑर्डरीचा आयपी ॲड्रेस वर्षभर तरी जपला पाहिजे.

पायरी ५: निकाल लिहिताना "हरलो" एवढंच लिहू नका

स्थितीच्या रकान्यात निदान हे सहा पर्याय हवेत: चालू, जिंकलो, लढून हरलो, स्वतःहून मान्य केला, मुदत चुकली, प्री-आर्बिट्रेशन. यातले मधले तीन गेटवेच्या रिपोर्टमध्ये बरेचदा एकाच शब्दाखाली येतात, सगळे "लॉस्ट". पण तिन्हींचा इलाज वेगळा. लढून हरत असाल तर पुरावे कच्चे आहेत. मुदत चुकत असेल तर पुराव्यांचा प्रश्नच नाही, मेल बघणारा माणूस हवा. मान्य करत असाल तर ते शहाणपण असू शकतं.

त्यापुढे दोन रकाने: निकालाची तारीख, आणि पैसे प्रत्यक्ष परत आल्याचा सेटलमेंट आयडी. "वॉन" असा मेल आला म्हणजे पैसे आले असं नाही. पुढच्या सेटलमेंट रिपोर्टमध्ये ती रक्कम अधिक चिन्हासह दिसेपर्यंत केस बंद करू नका. नाही दिसली तर सपोर्टला डिस्प्यूट आयडी आणि पेमेंट आयडी देऊन विचारा. आणि जिंकल्यानंतरही प्री-आर्बिट्रेशन येऊ शकतं, म्हणून ते पैसे लगेच नवीन मालात गुंतवू नका.

पायरी ६: लढायचं की सोडायचं

याला अंदाज नको, भागाकार करा. लढायला लागणारा खर्च भागिले अडकलेली रक्कम. वरच्या चपलेत १५० भागिले २,४०० म्हणजे साधारण ६ टक्के, म्हणजे शंभरात सात केसेस जिंकायची शक्यता असली तरी लढणं परवडतं. तीच ऑर्डर ३५० रुपयांची असेल तर १५० भागिले ३५०, साधारण ४३ टक्के, म्हणजे निम्म्याच्या आसपास जिंकत असाल तरच हात घाला. (फी यात धरली नाही, कारण ती लागायची असेल तर बहुधा लढा किंवा न लढा लागतेच. तुमच्या गेटवेला लढण्याची वेगळी फी असेल तर मात्र धरा.)

जिंकायची शक्यता तुमच्याच शीटमधून काढा, कारणानुसार. बंद झालेल्या केसेसच घ्या, चालू केसेस भाजकात घातल्या तर टक्का उगाच खाली दिसतो. आणि मोजताना लढलेल्या केसेसमधले जिंकलेले किती, हे वेगळं, आणि एकूण आलेल्यांपैकी पैसे किती परत आले, हे वेगळं. पहिला आकडा तुमची पीडीएफ कशी आहे ते सांगतो, दुसरा धंदा कसा आहे ते. चार-पाच केसेसवरून टक्केवारी काढून निष्कर्ष काढू नका, निदान वीसेक केसेस होऊ द्या, तोवर डोळ्यांनी ओळी वाचलेल्या बऱ्या.

पायरी ७: महिन्याचं प्रमाण, आणि दिवाळीचा घोळ

प्रमाण दोन प्रकारे काढायचं असतं आणि दोन्ही लागतात. नेटवर्क बघतं ते असं: मास्टरकार्ड या महिन्यात आलेले चार्जबॅक घेतं आणि त्याला आधीच्या महिन्याच्या व्यवहारांनी भागतं. महिन्याला निदान १०० चार्जबॅक आणि प्रमाण दीड टक्का किंवा त्याच्या वर गेलं की दुकानदार त्यांच्या जादा चार्जबॅकवाल्या यादीत येतो. व्हिसाने एप्रिल २०२५ पासून नवीन पद्धत आणली, तिच्यात फसवणुकीचे रिपोर्ट आणि डिस्प्यूट एकत्र मोजले जातात. छोट्या दुकानाचे महिन्याला शंभर होत नाहीत, पण गेटवे स्वतःचं टोक आधीच धरून बसलेला असतो आणि प्रमाण वाढलं की सेटलमेंट उशिरा करणं, काही टक्के राखून ठेवणं हे सुरू होतं. आणि हो, केस जिंकलात तरी ती या मोजणीतून निघत नाही. आली ती मोजली.

आता दिवाळी. समजा ऑक्टोबरमध्ये १,००० ऑर्डरी गेल्या, त्यातल्या ६ चे चार्जबॅक जानेवारीत आले. डिसेंबर थंड गेला, ३०० च ऑर्डरी. नेटवर्कच्या पद्धतीने जानेवारीचं प्रमाण ६ भागिले ३००, म्हणजे २ टक्के. तुम्ही घाबरता की जानेवारीत काय बिघडलं. जानेवारीत काहीच बिघडलेलं नसतं, ऑक्टोबरच्या हजारातले सहा, म्हणजे ०.६ टक्के, एवढंच ते आहे. म्हणून दुसरं प्रमाण ऑर्डरीच्या महिन्यानुसार काढा: त्या महिन्यात केलेल्या ऑर्डरींवर आजवर आलेले चार्जबॅक भागिले त्या महिन्याच्या ऑर्डरी. पिव्होट टेबलमध्ये (शीटमधली गटवार मोजणी करायची सोय) ऑर्डरची तारीख ओळीत घ्या, झालं. कुठला कुरिअर, कुठली जाहिरात, कुठला माल यांनी गडबड केली ते यातूनच कळतं.

मात्र गेल्या चार महिन्यांच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, ते नेहमीच गोड दिसतात, कारण १२० दिवस अजून संपलेले नसतात. त्या ओळींना पिवळा रंग द्या. आणि भाजकात कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरी घालू नका. त्यांना चार्जबॅक येत नाही, त्या घातल्या की प्रमाण खोटं कमी दिसतं, आणि आपल्याकडे तर निम्मा धंदा सीओडीवरच असतो.

शीट वाचून काय करायचं

तीनेक महिन्यांनी खऱ्या कारणाच्या रकान्यावर पिव्होट लावा, केसेसची संख्या आणि खरा तोटा दोन्ही. बहुतेक ठिकाणी दोनच कारणं वर येतात आणि ती तुमच्या हातातली असतात. "नाव ओळखलं नाही" वर असेल तर स्टेटमेंटवर दिसणारं नाव बदलता येतं का ते गेटवेला विचारा, आणि तोवर ऑर्डरीच्या मेसेजमध्ये "स्टेटमेंटवर अमुक नाव दिसेल" असं लिहा, फुकट इलाज आहे. "रिफंड लटकला" वर असेल तर रिफंड दिल्या दिवशीच एआरएन ग्राहकाला पाठवा, म्हणजे तो बँकेत तक्रारीऐवजी चौकशी करेल. तसंही २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचंच असतं. "डिलिव्हरी उशिरा" असेल तर पिनकोडचा रकाना जोडा. सगळ्या तक्रारी एखाद्याच पट्ट्यातून येतायत असं दिसलं तर तिथला कुरिअर बदला. सबस्क्रिप्शन विकणाऱ्यांनी पैसे कापायच्या २४ तास आधी जाणाऱ्या सूचनेत आपलं नाव ग्राहकाला ओळखू येईल असं आहे का तेवढं बघावं.

एक गोष्ट या शीटमध्ये मिसळू नका. १९३० वर किंवा सायबर क्राइमच्या पोर्टलवर कोणीतरी फसवणुकीची तक्रार केली आणि त्या चोरीच्या पैशातले काही तुमच्या दुकानात खर्च झाले, तर तुमच्या खात्यावर तेवढी रक्कम गोठवली जाते. तो चार्जबॅक नव्हे, तिथे डॅशबोर्डवर उत्तर द्यायची सोय नसते, बँकेकडे आणि संबंधित पोलिसांकडे इन्व्हॉइस आणि डिलिव्हरीचे कागद द्यावे लागतात. त्याला वेगळी टॅब, त्यात तक्रारीचा नंबर, राज्य, रक्कम आणि कोणाशी कधी बोललात ते.

३१ मार्चला चालू असलेल्या सगळ्या केसेस फिल्टर करा आणि ती यादी सीएला द्या, अडकवलेली रक्कम आणि हरलेली रक्कम वेगवेगळी लिहून. अडकलेली अजून तोटा नसते. हरलेल्या केसमध्ये माल परत आलाय का तेही समोर लिहा, कारण क्रेडिट नोट काढता येईल की नाही, मालावर घेतलेल्या जीएसटी क्रेडिटचं काय, हे त्यावर ठरतं आणि ते ठरवणं सीएचं काम आहे. एप्रिलपासून नवीन टॅब सुरू करा पण जुन्या चालू ओळी नवीन टॅबमध्ये कॉपी करू नका, जुन्यातच बंद होऊ द्या, नाहीतर एकच केस दोन वर्षांत दोनदा मोजली जाते.